प्रार्थना कशी करावी? गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्कोत आम्ही नऊ-दहा घरं दर शुक्रवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेकाकडे प्रार्थनेला जमतो. कोणी नगरकडचं, कोणी कोल्हापूरचं, दोन घरं वसईची, तीन सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची कॅथलिक. मराठी हा एकच धागा. प्रार्थना होते, गीत होतं, चहा होतो, आणि खरे प्रश्न निघतात ते दारात चपला शोधताना. "ताई, एक विचारू का?" असं म्हणून. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी लिहून काढले. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. जे शास्त्रात वाचलं, ज्येष्ठांकडून ऐकलं आणि स्वतः चुकून शिकले, तेवढंच इथे आहे.

प्रार्थना "परिणामकारक" झाली, हे ओळखायचं कसं?

बहुतेकांच्या मनातलं उत्तर सरळ असतं: मागितलं ते मिळालं की झाली. या उत्तराला मी हसत नाही. आमच्या शेजारच्या कोंकणी बायका प्रार्थनेला "मागणें" म्हणतात. शब्दच तो. येशूनेही मागू नका असं कुठे म्हटलेलं नाही. मागा, शोधा, ठोका, असंच म्हटलं. मध्यरात्री शेजाऱ्याच्या दारात उभं राहून तीन भाकरी मागणाऱ्या माणसाची गोष्टही त्यानेच सांगितली (लूक, अध्याय 11).

पण मिळणं हे एकच माप लावलं तर अडचण होते. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून विनवलं आणि तो टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागणं केलं, काटा राहिला. या दोघांची प्रार्थना वाया गेली असं म्हणायची आपली छाती होणार नाही.

मी स्वतःपुरतं एक साधं माप ठेवलंय. उठताना देवापासून लपवलेलं काही उरलं का? उरलं नसेल तर प्रार्थना झाली. उरलं असेल तर मी नुसती बोलले. याकोबाच्या पत्रात नीतिमानाच्या प्रार्थनेचं बळ सांगितलंय, आणि लगेच एलीयाचं उदाहरण देताना तो आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता हेही सांगितलंय. त्याच वचनाच्या अलीकडे एकमेकांजवळ पापं कबूल करण्याचं सांगितलंय. ते वचन आपण पटकन ओलांडतो.

घरी मराठी, चर्चमध्ये कोंकणी किंवा इंग्रजी, मुलं इंग्रजी शाळेत. प्रार्थना नक्की कोणत्या भाषेत करायची?

गोव्यात आल्यापासून हा प्रश्न मला जितका विचारला गेलाय तितका दुसरा कुठलाच नाही. आणि माझ्या मते बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तरही इथेच दडलेलं आहे.

दाराच्या उंबऱ्यावर पायाची करंगळी आपटली की तोंडातून जी भाषा निघते, ती तुमची प्रार्थनेची भाषा. इंग्रजीत प्रार्थना करताना आमच्या गटातली एक मुलगी फार सुंदर बोलायची. वाक्यं अगदी छापल्यासारखी. एकदा तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि ती फक्त "देवा, अरे देवा, बाबांना बघ ना" एवढंच म्हणत राहिली. नंतर म्हणाली, "इतकी वर्षं मी प्रार्थना करत होते की भाषांतर?"

यात नवीन काही नाही. गोव्यात हा विचार चारशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. 1556 मध्ये इथे छापखाना आला. 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, इथेच राहिला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांच्या कानात ओवी बसलेली होती, पुराण ऐकायची सवय होती. त्याला त्यांना लॅटिन पाठ करायला लावून थांबता आलं असतं. तो स्वतः मराठी शिकला आणि येशूचं चरित्र ओवीत रचलं. ते ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापून निघालं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. "जैसी हरळांमाजि रत्नकिळा" ही मराठीची स्तुती त्यातलीच. देवनागरी खिळे नव्हते म्हणून सगळी मराठी रोमन अक्षरांत छापलेली. आपली मुलं आज मोबाईलवर मराठी तशीच लिहितात आणि आपण त्यांना रागावतो.

कोंकणीसाठीही त्याने काम केलं. त्याची कोंकणी प्रश्नोत्तरावली 1622 मध्ये आली आणि व्याकरण 1640 मध्ये, तो गेल्यावर. बाणावलीला जन्मलेले संत जोसेफ वाझ पुढे सिलोनात लपतछपत फिरून सेवा करू लागले तेव्हा तेही आधी तमिळ आणि मग सिंहली शिकले. ज्यांनी ही मेहनत घेतली त्यांना एक गोष्ट कळली होती: माणूस देवाशी मनापासून बोलतो तो आईच्या भाषेत. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत पवित्र आत्मा उतरला तेव्हाही जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या भाषेतच ऐकलं.

म्हणून रविवारी चर्चमध्ये जी भाषा असेल ती मनापासून म्हणा, सगळ्यांबरोबर आमेन म्हणण्यातही बळ असतं. पण घरी, दिवा मालवल्यावर, आपल्या भाषेत या. मालवणी असेल तर मालवणीत. देवाला प्रमाण मराठीचा आग्रह नाही.

आणि मुलांच्या प्रार्थनेत मधेच व्याकरण सुधारू नका. ती इंग्रजीत बोलली तर बोलू द्या. त्यांची करंगळी कुठल्या भाषेत दुखते ते त्यांना माहीत.

देवाला "तू" म्हणायचं की "आपण"?

एका नव्या सुनेने विचारलं होतं, "सासऱ्यांना अहो, आणि देवाला अरे? कसंतरीच वाटतं." प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मराठीत एकेरीत हाक मारावी अशी दोन माणसं: आई आणि देव. वारकऱ्यांनी विठ्ठलाला तू म्हटलं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर त्याच अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताला आळवलं. आपल्या मराठी बायबलातही पित्याला "तू" आहे. शिष्य येशूला मात्र "प्रभुजी" म्हणून आदराने बोलतात. दोन्ही शास्त्रात आहे म्हटल्यावर दोन्ही चालतं. तरी मी सांगेन, एकदा तू म्हणून पाहा. अंतर किती कमी होतं ते पाहा. येशूने पित्याला मारलेली "अब्बा" ही हाक घरातलीच आहे.

बसल्यावर काहीच सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

शिष्यांनाही सुचत नव्हतं, म्हणून तर त्यांनी "प्रभुजी, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा" म्हटलं. उत्तरादाखल जी प्रार्थना मिळाली ती आपण अर्ध्या मिनिटात म्हणून टाकतो. ती चाल म्हणून वापरा. एक ओळ म्हणा, थांबा, त्या ओळीत आजचा दिवस भरा, मग पुढची ओळ.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या." इथेच थांबून बघा, "माझ्या" नाही, "आमच्या". म्हणजे ज्या जावेशी तुम्ही बोलत नाही तिचाही तो पिता. पुष्कळदा माझी प्रार्थना इथेच अर्धा तास अडते. पुढे नाव, राज्य, इच्छा या तीन गोष्टी त्याच्या, आणि मगच आपली भाकर. भाकरीशी आलात की मोघम बोलू नका. गोव्यात तर रोजची भाकर सायकलवरून भोंगा वाजवत पहाटे दारात येते. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, तो भोंगा ऐकला की मला ही ओळ आठवते आणि त्या दिवसाला काय हवंय ते मी नावानिशी मागते. लाईटबिल, दहावीचा गणिताचा पेपर, यांच्या गुडघ्याचं दुखणं. "सर्वांचं भलं कर" या मागणीत खोटं काही नाही, पण ती करताना आपण स्वतः कुठेच सापडत नाही. मग क्षमा. "जसे आम्ही आमच्या ऋण्यांना" ही अट आपणच आपल्या तोंडाने घालून घेतो, तेव्हा हळू म्हणा.

हे जमत नसेल तर स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रं आहेत. कुरकुर, भांडण, सूड, आनंद, सगळं आहे, आणि मोठ्याने वाचायला घेतलं की आपली ओळ आपल्याला सापडतेच. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचा एक शब्दही नाही. ज्यांना वाटतं की प्रार्थनेत हसतमुखच असलं पाहिजे, त्यांनी ते जरूर वाचावं.

शिफ्टची नोकरी आहे. वेळ कुठून आणू?

येशू पहाटे अंधार असतानाच एकांतात जाऊन प्रार्थना करत असे, हे वचन दाखवून वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पहाटे चारला उठवणं हा अन्याय आहे. वेळ आपापला.

मला गोव्याने एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे घंटा. इथे चर्चची घंटा सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला वाजते. कॅथलिक लोक त्यावेळी देवदूताने मरियेला दिलेला निरोप आठवतात. आमच्या प्रॉटेस्टंट घरात घंटेची सवय नव्हती. पण दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, मग मी का नाही? घंटा झाली की हातातली पळी खाली ठेवून मी एक मिनिट उभी राहते. एकच मिनिट, पण दिवसाला तीन खुंट्या ठोकल्यासारखं होतं. बाकीचं त्यांना अडकवता येतं.

आणि नहेम्या विसरू नका. राजाने विचारलं, "तुला काय हवं?" त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधे त्याने देवाची प्रार्थना केली. एका श्वासाएवढी. जुवारीच्या पुलावर गाडी अडकली तरी तेवढा वेळ मिळतोच.

मन भरकटतं. डोळे मिटले की बाजाराची यादी दिसते.

यादीसाठी प्रार्थना करा. मन जिथे पळतं तिथे काहीतरी अडलेलं असतं. त्याला ओढून आणण्यापेक्षा तिथेच देवाला घेऊन जा. ओठ हलवून, पुटपुटत प्रार्थना केली तर मन कमी पळतं. हन्ना अशीच पुटपुटत होती, आणि एली याजकाला वाटलं बाई प्यायली आहे. ज्यांना बसवत नाही त्यांनी चालावं. आमच्यातले एक काका बायणाच्या किनाऱ्यावर चालत प्रार्थना करतात, लोकांना वाटतं फोनवर बोलतायत. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल मोबाईलवरच आहे ही सबब मीही खूप वर्षं वापरली.

रात्रीसाठी इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली पद्धत मला उपयोगी पडते. ते फ्रान्सिस झेवियरचे सोबती. दिवस सकाळपासून परत डोळ्यांपुढून घालवायचा: कुठे देवाची चाहूल लागली, कुठे मी तोंड फिरवलं, त्याबद्दल आभार, त्याबद्दल क्षमा, उद्याचं मागणं. दहा मिनिटं पुरतात. झोप लागली तर लागू द्या.

जपमाळ आणि पाठ म्हटलेल्या प्रार्थना ही पोकळ बडबड नाही का?

आमच्या गटात हा प्रश्न दर दोन महिन्यांनी उठतो आणि चहा गार होतो. प्रॉटेस्टंट मत्तयाचा सहावा अध्याय काढतात, जिथे येशूने परराष्ट्रीयांसारखी निरर्थक बडबड करू नका म्हटलंय. कॅथलिक म्हणतात, गेथशेमानेत त्यानेच तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय 26). आणि 136व्या स्तोत्रात "त्याची दया सनातन आहे" हे सव्वीस ओळींत सव्वीस वेळा येतं. दोघांचीही वचनं खरी.

येशूचा रोख शब्दसंख्या वाढवून देवावर दडपण आणण्याकडे होता असं मला वाटतं. जपमाळ जाणत्या माणसाने म्हटली तर ओठ मरियेचा नमस्कार म्हणतात आणि मन येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंत एकेका प्रसंगापाशी थांबतं. नुसते मणी सरकले तर बडबड. पण आमचीही बडबड कमी नाही हो. "प्रभू, आज प्रभू, आम्ही प्रभू, तुझ्या चरणी प्रभू" अशी उत्स्फूर्त प्रार्थना मी किती ऐकली आहे, आणि केलीही आहे.

दुसरं विचारतात ते शेजाऱ्यांबद्दल. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लादाइन (सामूहिक प्रार्थना) असते, व्हायोलिन वाजतं, लॅटिनमधली लितानी सगळे गातात, नंतर उकडलेले चणे. नाहीतर सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, मूर्ती घरोघर फिरत शेजारी येते आणि तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बोलावणं येतं. जावं का? मी जाते. जे माझ्या विश्वासात बसतं ते म्हणते, बसत नाही तिथे गप्प राहते, आणि ज्या घराने बोलावलं त्यांच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना करते. चणेही खाते.

नवस बोलणं ही प्रार्थनाच ना?

आपल्या हाडामासात नवस आहे, धर्म कुठलाही असो. 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) जुन्या गोव्यात मेणाचे हातपाय, डोळे, लहान बाळं विकायला असतात. दुखणारा अवयव मेणाचा आणून वाहायचा. त्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं दिसतात. त्यांची चेष्टा मला करवत नाही. पाय दुखणारा माणूस पाय घेऊन देवाकडे आलाय, यापेक्षा स्पष्ट मागणं काय असतं?

हन्नानेही नवस केला होता. फरक एवढाच पाहावा: ती मूल मागत होती आणि मूलच परत द्यायला तयार होती. आपण बहुतेक वेळा सौदा करतो, मुलाला सरकारी नोकरी लाव, मी मेणबत्ती लावीन. मेणबत्ती जरूर लावा. पण काम झाल्यावर लावायची म्हणून राखून ठेवू नका, आजच लावा. इफ्ताहाची गोष्ट शास्ते पुस्तकात वाचा, मग उतावीळपणे नवस बोलायचं धाडस होणार नाही.

इतकी वर्षं प्रार्थना करूनही उत्तर का येत नाही?

माझी धाकटी बहीण बांबोळीच्या सरकारी इस्पितळात एकोणीस दिवस होती. हायवेवरच्या फुलांच्या खुरसापाशी मी रोज संध्याकाळी उभी राहायचे. तिथे कोणी आईसाठी आलेलं, कोणी नवऱ्यासाठी. आम्ही एकमेकींची नावं विचारली नाहीत, वॉर्ड विचारायचो. आमची सगळी मंडळी उपास करत होती. विसाव्या दिवशी ती गेली.

मातीहून परतताना एक भले गृहस्थ म्हणाले, "विश्वासात कुठेतरी कमी पडलं असेल." त्यानंतर सहा महिने मला प्रार्थना करता आली नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या कोणालाही मी पहिल्यांदा हेच सांगते की ते वाक्य कोणाला म्हणू नका. कधीच. मुलाला घेऊन आलेल्या बापाने येशूला "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" असं म्हटलं होतं, आणि तेवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर मुलगा बरा झाला. बुडताना पेत्राने "प्रभुजी, मला वाचवा" एवढंच म्हटलं. म्हणजे विश्वास तोळ्या-माशाने मोजून उत्तर दिलं जातं हा हिशेब शास्त्रात बसत नाही.

अडथळे असू शकतात, हे शास्त्र सांगतं. चैनीसाठी मागणं (याकोब 4). भावाच्या मनात आपल्याविषयी काही असताना वेदीकडे जाणं. येशू म्हणतो, अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. पेत्र तर नवऱ्यांना बजावतो की बायकोला मान दिला नाही तर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. हे वचन मी लग्नाच्या भेटवस्तूत लिहून देते. पण ही सगळी वचनं आरशासारखी आहेत, स्वतःकडे धरायची. दुसऱ्याच्या दुःखाकडे वळवली की त्यांचा दगड होतो.

अडथळा नसतानाही उत्तर येत नाही, असंही होतं. मग काय करायचं, तर लूकच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेसारखं न्यायाधीशाचं दार सोडायचं नाही. सहा महिन्यांनी मी पुन्हा बसले तेव्हा माझी पहिली प्रार्थना म्हणजे भांडण होतं. बाविसावं स्तोत्र, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" वधस्तंभावर येशूच्या तोंडी हेच शब्द होते. पुत्राला हे विचारता आलं तर मलाही येतं. मला उत्तर मिळालं का? बहिणीबद्दल नाही. पण पौलाला जे सांगितलं गेलं, माझी कृपा तुला पुरे आहे, ते कधीतरी, भांडी घासताना, माझ्याही कानावर आलं. त्याआधी ते वाक्य मला रागच आणायचं.

आजारपणात प्रार्थना चालू असताना औषध घेणं म्हणजे अविश्वास का?

नाही. लूक स्वतः वैद्य होता. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. डॉक्टरने दिलेली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि प्रार्थनेचे पैसे मागणाऱ्याच्या सभेतून उठून घरी या.

चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायची लाज वाटते.

मग करू नका. आमच्याकडे कोणावर वेळ आणत नाही. मंदिरातल्या जकातदाराने एकच वाक्य म्हटलं, "हे देवा, मज पाप्यावर दया कर," आणि नीतिमान ठरून घरी गेला.

खरी अडचण उलटीच असते, थांबतच नाहीत त्यांची. काहीजण डोळे मिटून आम्हाला प्रवचन देतात. काहींच्या मध्यस्थीतून सोसायटीच्या बातम्या कळतात: "प्रभू, तुला ठाऊकच आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबात काय चाललंय..." प्रभूला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं, आता झालं. आमचा नियम असा: गैरहजर माणसासाठी प्रार्थना करायची तर त्याला जे ऐकायला आवडेल तेवढंच बोलायचं. एकाने एकच विषय घ्यायचा. आमेन सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, कारण लाजणाऱ्याची प्रार्थना तीच.

उपास केल्याने प्रार्थनेला जोर येतो का?

यशयाचा 58वा अध्याय वाचा. देव म्हणतो, मला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. आपण उपवासकाळातल्या शुक्रवारी चिकन सोडतो आणि इसवण (सुरमई) तळतो. इसवणीचा भाव पाहता तो त्यागच म्हणावा लागेल! एक वेळचं जेवण सोडलंत तर त्याचे पैसे बाजूला काढून कोणाला तरी द्या आणि तो वेळ प्रार्थनेत घाला. मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी जेवण सोडू नये. त्यांनी सिरीयल सोडावी.

हिंदू शेजारीण म्हणते, "माझ्यासाठी तुमच्या देवाकडे मागा." काय करू?

मागा. गोव्यात यात काही नवल नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला लोक लईराई देवीची बहीण मानतात आणि फेस्ताला हिंदू बायकाही तेल घेऊन जातात. तुमचं धर्मशास्त्र काहीही म्हणो, दारात आलेली बाई अडचणीत आहे. तिला विचारा, नेमकं काय मागू? परवानगी असेल तर तिथेच, दोन-तीन वाक्यांत, तिच्या नावाने प्रार्थना करा. उपदेश जोडू नका. आणि मुख्य म्हणजे आठवड्याने जाऊन विचारा, "कसं आहे आता?" इथेच आपण सगळे कमी पडतो. "प्रार्थना करतो" म्हणतो आणि जिना उतरेपर्यंत विसरतो. मी शंभर पानी वही ठेवली आहे: डावीकडे नाव आणि तारीख, उजवी बाजू रिकामी. कधी वर्षानंतर ती भरते. काही पानं कोरीच आहेत.

मुलांना प्रार्थनेची गोडी कशी लावायची?

1542 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले तेव्हा ते रस्त्यांतून घंटी वाजवत मुलांना गोळा करायचे आणि प्रार्थना गाऊन शिकवायचे. गाणं आणि थोडक्यात, या दोन्ही गोष्टी अजून लागू पडतात. आमचा नातू रोज कुत्र्यासाठी प्रार्थना करतो आणि आमच्यासाठी विसरतो. आम्ही आमेन म्हणतो.

तुमच्या शुक्रवारच्या प्रार्थनेला यायचं असेल तर?

तिन्हीसांजेची घंटा झाली की अर्ध्या तासात सुरू होते आणि तासाभरात संपते, निदान संपवायचा प्रयत्न असतो. मराठी बायबल असेल तर आणा, नसेल तर शेजारी बसणाऱ्याचं बघा. लहान मूल असेल तर त्याची सतरंजी आणा, ते रडलं तरी कोणी वळून बघत नाही. खायला काही आणू नका; एकदा सुरू झालं की चढाओढ लागते, हे आम्ही अनुभवलंय. पावसाळ्यात दिवे जातात, तेव्हा विजेरी असू द्या. आणि चपला दाराच्या डाव्या बाजूला काढा, उजवीकडे घरमालकांची मांजर निजते.